चर्चच्या रविवारच्या शाळेत नव्याने शिकवणाऱ्यांसाठी

पहिल्या रविवारी फक्त मुलांची नावं पाठ करा. धडा शनिवारी रात्री घरात मोठ्याने सांगून बघा. कुठे अडखळतो ते तिथेच कळतं.

येशूला बघायला झाडावर चढणाऱ्या बुटक्या जकातदाराची, जक्कयाची गोष्ट (बायबल, लूक 19) मी आवारातल्या उंबराखाली सांगते, आपल्या पवित्र शास्त्रातही तो उंबरावरच चढतो. एकदा सगळ्यांत बुटक्या मुलाला जक्कय केलं. पोरं हसली, आणि तो पुढचे दोन रविवार आलाच नाही. घरी जाऊन मी त्याची माफी मागितली. आता जक्कय मीच होते, स्टुलावर चढते. "खाली ये" ही येशूची हाक मुलं मारतात.

वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं हवं. यात सूट नाही. हजेरी आणि प्रार्थना नव्या शिक्षकांवर सोपवा, चुकले तर मुलांसमोर टोकू नका.