ब्राउझर चालतो, पण एप्ट अडतं: प्रॉक्सीमागचं उबुंटू

कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा हॉस्टेलवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकली, सेटिंग्जमधल्या नेटवर्क प्रॉक्सीत (प्रॉक्सी म्हणजे तुमचा संगणक आणि इंटरनेट यांच्या मधला सर्व्हर) पत्ता आणि पोर्ट भरला, ब्राउझरमध्ये साइट उघडायला लागल्या. मग टर्मिनलमध्ये 'सुडो एप्ट अपडेट' दिलं (एप्ट म्हणजे उबुंटूत सॉफ्टवेअर आणणारा आदेश) की ते शून्य टक्क्यावर अडून बसतं. नवख्या मुलांची गाडी बहुतेक वेळा इथेच रुतते, आणि दोष मात्र नेटला दिला जातो. नेट ठीक असतं. उबुंटूत प्रॉक्सी लिहायची जागा एक नाही: ब्राउझर एकीकडे बघतो, एप्ट दुसरीकडे, आणि स्नॅप ही सॉफ्टवेअर आणण्याची वेगळी सोय तिसरीकडे.

पिंग (सर्व्हर उत्तर देतो का ते बघणारा आदेश) करून तपासू नका. पिंग प्रॉक्सीतून जातच नाही, तेव्हा ते लागलं नाही यावरून काहीच ठरत नाही. त्याऐवजी कर्ल या टर्मिनलमधल्या आदेशाने एखादी साइट मागवून बघा. उत्तर आलं तर टर्मिनलला प्रॉक्सी कळली आहे. सेटिंग्ज बदलण्याआधी उघडलेल्या टर्मिनलला ती कळत नाही. खिडकी बंद करून नवी उघडा.

कर्ल चालतं आणि एप्ट नाही, याचं कारण सुडो, म्हणजे आदेश प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा प्रोग्राम. टर्मिनलला प्रॉक्सीचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रामना वाचता येणाऱ्या नावाच्या नोंदीतून) मिळतो, आणि सुडो सुरक्षेसाठी ही व्हेरिएबल्स वाटेतच गाळून टाकतो. तात्पुरतं काम भागवायचं तर सुडोनंतर वजा चिन्ह आणि कॅपिटल ई लावा. व्हेरिएबलचं नाव स्वतः लिहिणार असाल तर ते स्मॉल अक्षरांतच लिहा, कारण कर्ल 'एचटीटीपी_प्रॉक्सी' हे नाव कॅपिटलमध्ये वाचत नाही.

कायमचा उपाय म्हणजे एप्टची स्वतःची फाइल. ईटीसी हा सिस्टिमच्या सेटिंग्जचा फोल्डर, त्यात एप्ट, त्यात 'एप्ट डॉट कॉन्फ डॉट डी' या फोल्डरात '९५प्रॉक्सी' अशा नावाची फाइल करा आणि तिच्यात या दोन ओळी इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत लिहा:

ॲक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी "एचटीटीपी://पत्ता:३१२८/";
ॲक्वायर::एचटीटीपीएस::प्रॉक्सी "एचटीटीपी://पत्ता:३१२८/";

दुसऱ्या ओळीतही अवतरणात एचटीटीपीच आहे, ती चूक नव्हे. तुमचा संगणक प्रॉक्सीशी साध्या एचटीटीपीतच बोलतो. कुलूपबंद संवाद पुढे साइटशी होतो. तिथे 'एस' लावला की बहुतेक प्रॉक्सी ते जोडणं नाकारतात. ओळीच्या शेवटचा अर्धविराम सुटला तर एप्ट फाइलच वाचत नाही आणि व्याकरणाची चूक दाखवतं. ३१२८ हे स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरचं ठरलेलं पोर्ट. पुष्कळ ठिकाणी ८०८० असतं. अंदाजाने भरू नका, लॅब असिस्टंटला विचारा.

प्रॉक्सी युजरनेम आणि पासवर्ड मागत असेल तर ते पत्त्याच्या आधी येतात: युजर, कोलन, पासवर्ड, मग @. पासवर्डमध्येच @ असेल तर? पत्ता कुठे सुरू होतो ते प्रोग्रामला कळत नाही, आणि पासवर्ड बरोबर असूनही काम अडतं. @ च्या जागी %४० लिहा, # च्या जागी %२३, आणि पासवर्डातल्या % च्या जागी %२५. एक कळकळीची सूचना: ही फाइल त्या संगणकावरचा कोणीही उघडून वाचू शकतो. लॅबच्या सामायिक संगणकावर तिच्यात पासवर्ड ठेवू नका.

आता चुकांचे संदेश. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा पोर्ट चुकलं. 'कुड नॉट रिझॉल्व्ह' नंतर प्रॉक्सीचंच नाव दिसत असेल तर तो पत्ता चुकला किंवा तुम्ही त्या नेटवर्कवर नाही. ४०७ म्हणजे प्रॉक्सी सापडली, पण तिने तुम्हाला ओळखलं नाही. 'नोस्प्लिट' हा शब्द दिसला तर एप्टला पॅकेजच्या यादीऐवजी वायफायच्या लॉगिनचं पान मिळालं आहे. ब्राउझरमध्ये लॉगिन करून पुन्हा चालवा. 'हॅश सम मिसमॅच' वारंवार येत असेल तर प्रॉक्सीने साठवलेली जुनी यादी तुमच्या हाती पडते आहे.

'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' हा संदेश सगळ्यांत जास्त चकवतो, कारण त्यात प्रॉक्सीचा उल्लेखच नसतो. संगणक आपलं घड्याळ यूडीपीच्या १२३ पोर्टवरून जुळवतो. ती वाहतूक एचटीटीपी प्रॉक्सीतून जात नाही, त्यामुळे ते पोर्ट बंद असलेल्या नेटवर्कवर घड्याळ मागे पडत जातं. मग सर्व्हरवरची यादी एप्टला उद्याची वाटते आणि ते ती नाकारतं. तारीख-वेळ हाताने बरोबर करा, अपडेट लगेच चालतं.

एप्ट मार्गी लागलं तरी स्नॅप अडतो. स्नॅपचं डाउनलोड पाठीमागे चालणारी एक सेवा करते, ती तुमच्या टर्मिनलकडे किंवा एप्टच्या फाइलकडे बघत नाही. तिला 'सुडो स्नॅप सेट सिस्टिम' लिहून पुढे 'प्रॉक्सी.एचटीटीपी' आणि 'प्रॉक्सी.एचटीटीपीएस' यांना बरोबरच्या चिन्हाने पत्ता द्यावा लागतो. उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीपासून फायरफॉक्सही स्नॅपमधूनच येतो, म्हणून हे टाळता येत नाही.

सुट्टीत लॅपटॉप घरी नेला की हाच प्रकार उलटा होतो: एप्ट कॉलेजची प्रॉक्सी शोधत बसतं. 'एप्ट-कॉन्फिग डंप' चालवून त्यात प्रॉक्सी हा शब्द शोधा. ओळ सापडली तर '९५प्रॉक्सी' फाइल उघडून तिथे त्या ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मारा, म्हणजे एप्ट ती सोडून देतं. स्नॅपसाठी तोच आदेश 'सेट' ऐवजी 'अनसेट' लिहून आणि पत्ता न देता चालवा. एवढं करूनही अडलं तर ईटीसीमधली 'एन्व्हायर्नमेंट' फाइल आणि होम फोल्डरातली 'डॉट बॅशआरसी' ही लपलेली फाइल उघडून बघा. कधीकाळी घाईत लिहिलेली ओळ बहुधा तिथेच असते.