अडकई लावायची तर फळ काळं होऊ द्या

माझी आजी सर्पगंधेला अडकई म्हणायची. गडचिरोली जिल्ह्यात आमच्या गावामागं नाल्याच्या काठानं, बांबूच्या सावलीत, गुडघाभर उंचीची ही सदाहरित झुडपं तिनं भरपूर पाहिली. मुळांसाठी लोकांनी खणून नेली. आता दिवसभर फिरावं तेव्हा एखादं दिसतं. म्हणून जंगलातून मूळ आणायचंच नाही, फळं आणायची.

आधी झाड नीट ओळखा. पेऱ्यावर बहुधा तीन पानं, फुलांचे देठ लालबुंद, फूल पांढरं, नळी गुलाबीसर. रस्त्याकडेला चार लहानमोठ्या पानांचं एक झुडूप उगवतं, ते अमेरिकेतून आलेलं तिचं भावंड. त्याचीही फळं पिकून काळी होतात, तिथंच माणूस फसतो.

फळ हिरवं, मग लाल, मग जांभळट काळं होतं. ग्रामसभेला विचारून फक्त काळी तोडा, तीही निम्मीच, बाकीची जंगलाची. घरी आल्यावर गर चोळून धुवा, बिया पाण्यात टाका. तरंगतील त्या फेका, बुडतील त्या सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. पहिल्या वर्षी मी बी डब्यात भरून पुढच्या मिरगापर्यंत ठेवलं होतं. पन्नासातून तीन उगवली. मला फार लागलं ते, कारण ती फळं मी जंगलातून घेतली होती. ताज्या बियाही सगळ्या उगवत नाहीत, पण फरक डोळ्यांना दिसतो.

पिशवीत माती, कुजलेलं शेणखत आणि नाल्याची रेती भरा. पेरण्याआधी बी रात्रभर भिजवा. कोंब यायला तीन आठवडे लागतात, कधी दीड महिनाही; तोवर पिशवी उलटी करू नका.

रोप चार-सहा पानांचं झालं की वाडीत मोठ्या झाडाच्या विरळ सावलीत, हातभर अंतरानं लावा. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात नको, पाणी साचलं की मूळ सडतं. बुडाशी पालापाचोळा जाड ठेवा, जंगलात तिला तोच असतो. ओल तुटली तर उन्हाळ्यात पानं गळतात. झाड मेलं समजून उपटू नका, पहिल्या पावसाची वाट पाहा.

मूळ उगाळून घरी कोणाला देऊ नका. 1952 साली याच मुळातून रेसर्पिन नावाचं औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्यानं रक्तदाब खाली येतो, मनही खचू शकतं. माझ्या वाडीत आज अकरा झाडं आहेत. यंदाची काळी फळं मी नाल्याकाठी, आजीनं दाखवलेल्या बांबूखाली पेरणार आहे.