निग्रो नदीवर पकडलेले कार्डिनल टेट्रा तिसऱ्या दिवशी मरत होते : माझा अनुभव

ब्राझीलमधील बार्सेलोसजवळ परवानाधारक स्थानिक मासेमारांबरोबर पकडलेले कार्डिनल टेट्रा, म्हणजे मत्स्यपेटीत पाळतात ते छोटे रंगीत मासे, पहिला दिवस ठणठणीत राहत. दुसऱ्या रात्री त्यांचा निळा पट्टा फिका पडे आणि तिसऱ्या सकाळी अंगावर पांढरट बुरशी आलेले दहा-बारा मासे टबच्या तळाशी मेलेले आढळत. हवेचा पंप वाढवला, प्रतिजैविक टाकले, खाणे दिले. खाण्याने तर पाणी आणखीच बिघडले. मी अक्षरशः हात टेकले होते.

बॅटरीच्या उजेडात एक मेलेला मासा न्याहाळला, तेव्हा बुरशी नेमकी खवले निघालेल्या जागीच दिसली. म्हणजे मूळ दोष हाताळणीचा होता.

त्यानंतर रापिशे, म्हणजे तिथले चौकटीचे हातजाळे, पूर्ण बाहेर न काढता अर्धे पाण्यात ठेवले आणि मासे तुंब्याच्या वाटीने पाण्यासकट उचलून टबमध्ये सोडले. टबमध्ये आधीच त्याच ओढ्याचे पाणी भरले होते, कारण या काळ्या, आम्लधर्मी पाण्यात माशांनी सोडलेला अमोनिया बहुतांशी कमी घातक अशा अमोनियमच्या रूपात राहतो. मुक्कामावरच्या नळाच्या पाण्यात ती सोय नाही. मग टब सावलीत हलवले, प्रत्येकातील संख्या निम्मी केली, पहिले २४ तास खाणे बंद ठेवले आणि सकाळ-संध्याकाळ एक तृतीयांश पाणी त्याच ओढ्याच्या पाण्याने, हळूहळू ओतून, बदलले.

मनाऊस या मोठ्या शहरात मासे पोहोचेपर्यंत टबमागे एखाददुसराच मासा गेला. प्रतिजैविकाची उरलेली बाटली तशीच परत आणली.