टीव्हीच्या जुन्या अँटेना-डब्या ओळखताना या चुका टाळा

नागपुरात इतवारीच्या भंगारात किंवा महालातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अजून सापडतात आणि त्यांच्या वायरला एखादी छोटी डबी लटकलेली असते. नळ्या वजनावर विकल्या जातात, डबी फेकून दिली जाते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. अँटेनापासून टीव्हीपर्यंत सिग्नल कसा चाळून घेतला जायचा, याचा पुरावा त्या डबीतच असतो. पण जपून ठेवायची तर ती आहे काय हे आधी कळायला हवं.

बाहेरून बघून नाव ठरवू नका

सगळ्यात जास्त गोंधळ बलूनचा (इंग्रजीत balun, फुगा नव्हे) होतो. यागी अँटेनाच्या (गच्चीवरच्या आडव्या नळ्यांच्या) डायपोलचा, म्हणजे वायर जोडलेल्या नळीचा, आणि चपट्या पट्टी-वायरचा इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) 300 ओहम, गोल केबलचा 75 ओहम. या दोघांची सांगड घालणं एवढंच बलूनचं काम, तो काहीही गाळत नाही. तरी एका बाजूला दोन स्क्रू आणि दुसऱ्या बाजूला पिन दिसली की लोक त्याला फिल्टर, म्हणजे नको ते सिग्नल गाळणारी डबी, म्हणून मोकळे होतात.

झाकण उघडून बघा. दोन भोकांचा काळा फेराइटचा ठोकळा आणि त्यातून ओवलेली बारीक तार असेल, तर बलून. तांब्याच्या तारेची वेटोळी आणि त्यांच्यामध्ये ओळीनं बसवलेले कपॅसिटर असतील, तर फिल्टर. नुसते दोन-तीन रेझिस्टर असतील, तर सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर. मल्टिमीटरही लावा: साध्या बलूनच्या दोन स्क्रूंमध्ये जवळजवळ शून्य ओहम दाखवतो. हाय-पास (फक्त वरच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणाऱ्या) फिल्टरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे काहीच जात नाही, कारण वाटेत कपॅसिटर असतो. लो-पासमधून (फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणाऱ्यातून) मात्र सरळ कंटिन्युइटी मिळते.

आत डाग द्यायची वेळ आली तर जपून. जुने पारदर्शक पॉलिस्टायरिन कपॅसिटर सोल्डरिंग आयर्नच्या धगीनंही वितळतात.

हाय-पास आणि लो-पासची अदलाबदल

आपल्याकडे व्हीएचएफ टीव्हीचे दोन पट्टे होते: 47 ते 68 आणि 174 ते 230 मेगाहर्ट्झ. टीव्हीच्या मागे लावायचा हाय-पास फिल्टर या पट्ट्यांच्या खालचं सगळं अडवतो. हौशी रेडिओवाल्यांचे 14, 21, 28 मेगाहर्ट्झ आणि मीडियम वेव्हही त्यात आलं. नागपूरकरांसाठी हे महत्त्वाचं आहे. 1988 पासून आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचं प्रक्षेपण 1566 किलोहर्ट्झवर नागपूरहूनच होत असे, तेही 1000 किलोवॅटच्या ट्रान्समीटरवरून. इतका जोरकस सिग्नल शेजारी असला की बूस्टरचा (सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा) ट्रान्झिस्टर दबून जाऊ शकतो. अशा वेळी हाय-पास बूस्टरच्या आधी लावला तरच उपयोग. बिघडलेला सिग्नल बूस्टरमधून बाहेर पडल्यावर फिल्टर काय करणार?

आता दुसरी बाजू. 28 मेगाहर्ट्झच्या ट्रान्समीटरचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) 56 वर पडतो, म्हणजे थेट आपल्या चॅनल 3 मध्ये, 54 ते 61 च्या आत. चित्र आणि त्रास एकाच पट्ट्यात आल्यावर टीव्हीजवळचा कोणताही फिल्टर त्यांना वेगळं करू शकत नाही. तिथे ट्रान्समीटरलाच लो-पास लावावा लागतो. तो जड धातूच्या खोक्यात असतो आणि त्याला जाड स्क्रूचे सॉकेट असतात. हाच लो-पास टीव्हीच्या वायरमध्ये जोडला तर चित्रच जातं, आणि चांगली वस्तू ‘खराब’ म्हणून भंगारात परत.

एफएमचं गणितही असंच आहे. 88 ते 108 ची दुप्पट 176 ते 216, म्हणजे वरच्या टीव्ही पट्ट्यात. ही दुप्पट बूस्टरमध्येच तयार होत असेल, तर एफएम ट्रॅप (एफएमचा पट्टा अडवणारा फिल्टर) त्याच्या आधी हवा.

मुंग्या दिसणं म्हणजे सिग्नल कमी, दुहेरी चित्र म्हणजे समोरच्या इमारतीवरून परावर्तन. यावर फिल्टर शोधू नका. मिक्सरच्या कार्बन ब्रशची ठिणगी किंवा मे महिन्यात कूलरच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची खरखर टीव्हीच्याच पट्ट्यात पसरते. तिचा बंदोबस्त त्या उपकरणापाशीच करायचा.

बूस्टरची वीज अडवू नका

गच्चीवरच्या बूस्टरला वीज त्याच केबलमधून वर जाते, खाली टीव्हीजवळच्या छोट्या पॉवर सप्लायमधून. या दोघांच्या मध्ये हाय-पास बसवला की कपॅसिटर डीसी अडवतो आणि बूस्टर गप्प होतो. साधा बलून बसवला तर सप्लाय शॉर्ट होऊ शकतो. खाली फिल्टर लावायचाच असेल तर सप्लाय आणि टीव्ही यांच्यामध्ये लावा.

डबीवरच्या आकड्यांवर विसंबू नका

परदेशातून आलेल्या डबीवर ‘चॅनल 3’ असेल तर तो अमेरिकेचा चॅनल 3 असू शकतो: 60 ते 66 मेगाहर्ट्झ. आपल्याकडे तो जवळपास चॅनल 4 झाला. केबलवाल्यांचे नळीसारखे ट्रॅप एकाच चॅनलवर बेतलेले असतात, म्हणून तेही मोजल्याशिवाय ओळखू येत नाहीत. नागपूरचं केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, 2013 मध्ये बदललं, तेव्हापासून असे ट्रॅप निरुपयोगी होऊन सुटे फिरत राहिले.

टीव्हीच्या मागची पट्टी काढू नका

हे सगळ्यात गंभीर. बऱ्याच जुन्या सेटची चेसिस (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असते. अँटेना सॉकेटमागच्या छोट्या पट्टीवरचे कपॅसिटर ती वीज अँटेनाच्या तारेत येऊ देत नाहीत. पट्टी फिल्टरसारखी दिसते म्हणून तिला वगळून थेट तार जोडली, तर गच्चीवरच्या नळीला हात लावणाऱ्याच्या जिवाशी गाठ आहे. खराब झाली असेल तर जाणकाराकडून सुरक्षा दर्जाचेच कपॅसिटर बसवून घ्या.

चाचणीतली गल्लत

दूरदर्शनचं ॲनालॉग प्रक्षेपण जवळपास सगळीकडे थांबलं आहे, म्हणून लोक व्हीसीआरच्या आरएफ आउटवर डबी तपासतात. पण तो बहुधा यूएचएफवर (व्हीएचएफच्या वरच्या पट्ट्यावर), चॅनल 36 च्या आसपास, म्हणजे 590 मेगाहर्ट्झजवळ असतो. व्हीएचएफच्या फिल्टरबद्दल त्यातून काही कळत नाही. छोटा नॅनोव्हीएनए (फिल्टरचा आलेख काढणारं मोजयंत्र) मिळाला तर उत्तम, फक्त त्याची टोकं 50 ओहमची असतात. 75 च्या डबीला तेवढा फरक चालून जातो. 300 ओहमची डबी मोजताना दोन्ही बाजूंना एकेक बलून लावा, आणि आधी ते दोन बलून एकमेकांना जोडून त्यांचाच आलेख काढून ठेवा, म्हणजे डबीचा वाटा वेगळा काढता येईल.