उडत्या पक्ष्याचा फोटो: सुरुवात घारीपासून करा

उजनी धरणाकाठच्या भिगवणला जाऊन रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा टिपायचा असेल, तरी आधी काही दिवस गच्चीवर काढा. शहरावर घिरट्या घालणारी घार सरावाला उत्तम: मोठी, संथ आणि फिरून पुन्हा समोर येणारी. भरभर उडणाऱ्या पाकोळ्यांच्या (स्विफ्ट पक्ष्यांच्या) मागे एवढ्यात लागू नका.

शटर स्पीड १/२००० सेकंद ठेवा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६ ते एफ/८, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो. फोकस मोड सतत माग काढणारा हवा: निकॉन-सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्वो. बर्स्ट (लागोपाठ फोटो घेणं) चालू असू द्या. पांढुरक्या आकाशात घार नुसती काळी दिसते, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजळपणा कमी-जास्त करायची सोय) +१ करा. गर्द झाडीसमोरून बगळा जात असेल तर उलट -१, नाहीतर पांढऱ्या पंखांतली पिसं दिसतच नाहीत.

मग पॅनिंग, म्हणजे पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवणं. पाय फाकवून उभे राहा, कोपरे छातीशी टेकवा आणि कमरेतून वळा. पक्षी लांब असतानाच फ्रेममध्ये घ्या, शटर अर्धं दाबून फोकस धरा, त्याच्याबरोबर फिरत राहा. फोटो घेतल्यावरही फिरणं थांबवू नका. बरेच फोटो तिथेच हलतात.

माझ्या मते लेन्सपेक्षा वारा महत्त्वाचा. पक्षी शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने झेपावतो आणि उतरतोही तसाच. वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील, तर तो तुमच्याकडे तोंड करून येतो, डोळ्यात उजेड घेऊन. सवयीही ओळखा. फांदीवरच्या शिकारी पक्ष्याने विष्ठा टाकली की बोट शटरवर ठेवा, बऱ्याचदा तो लगेच उडतो. रोहित मान ताणून पाण्यावर काही पावलं धावतो, मग हवेत उठतो. नदी सुरय (रिव्हर टर्न) चोच खाली करून हवेत जागच्या जागी फडफडला, की सूर मारणारच. त्याला १/३२०० लागेल.

उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात सकाळी लवकर निघा. डोलत्या नावेत ट्रायपॉड कामाचा नाही, बसून हातातच कॅमेरा धरा. नावाड्याला निघतानाच सांगा, "दादा, थव्यात नाव घालू नका, लांबच थांबवा." घाबरून उठलेला थवा पाठ दाखवत जातो, आणि त्याचं चरणं मोडतं ते वेगळंच. कुरव (सीगल) जवळ यावेत म्हणून शेव-फरसाण उधळू नका; ते त्यांचं खाणं नाही. नाव थांबवून वाट पाहिलीत, तर थव्यातले पक्षी चरायला जागा बदलताना आपणहून समोरून उडतात.