आजारी तान्ह्या बाळाच्या बाबतीत या चुका टाळा

गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून काम करताना जे वाक्य ऐकले की माझा जीव खालीवर होतो, ते म्हणजे ‘आता शांत झोपलाय, सकाळी बघूया.’

तीन महिन्यांखालील बाळाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइट (३८ अंश सेल्सिअस) किंवा त्याहून अधिक भरला, तर बाळ एरवी ठीक दिसत असले तरी त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे, कारण या वयात रक्तातील जंतुसंसर्गाचे किंवा मेंदूज्वराचे तेवढेच एक लक्षण असू शकते. कधी कधी ताप न येता उलट अंग थंड पडते, आणि तेही तितकेच गंभीर असते.

एका पावसाळ्यात वाळपईजवळच्या वाड्यावरून दीड महिन्याचे बाळ संध्याकाळी आमच्याकडे आले. सकाळी अंग तापले म्हणून घरच्यांनी मोठ्या भावाचे तापाचे औषध पाजले होते. ताप उतरला, बाळ झोपले आणि रडत नाही म्हणून सर्वांना हायसे वाटले. दुपारचे पाजणे दोनदा चुकले तरी त्याला कोणी उठवले नाही. आमच्याकडे आले तेव्हा तळपायाला टिचक्या मारल्यावर ते फक्त कण्हत होते आणि अंगावर घेतले तरी ओढत नव्हते. १०८ रुग्णवाहिकेतून त्याला बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) हलवले. रक्तात जंतुसंसर्ग निघाला, पण सुदैवाने ते वाचले. म्हणून माझे सांगणे असते की पाजण्याच्या वेळी आजारी बाळाला कपडे सैल करून, पाय चोळून उठवावे, आणि ते नीट जागे होऊन प्यायले नाही तर थांबू नये.

श्वास मोजायचा तो पोट उघडे ठेवून, बाळ रडत नसताना, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची घाई मला मुळीच मान्य नाही, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक आणि त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांखालील बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजावा. मात्र बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळे पडले असतील किंवा प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर मोजत न बसता १०८ ला फोन करावा.

हिरवी उलटी, आकडी, डोक्यावरची फुगलेली टाळू किंवा सहा ते आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तरी तीच घाई करावी. आकडीत तोंडात चमचा घालू नये, बाळाला कुशीवर वळवावे. वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. बाळ धापा टाकत असताना त्याला पावसात दुचाकीवरून नेऊ नये; रुग्णवाहिकेत निदान प्राणवायू तरी मिळतो.

निघताना पाजलेल्या औषधाची बाटली सोबत घ्यावी आणि बाळ शेवटचे कधी प्यायले, लघवी कधी झाली, हे डॉक्टरांना आधी सांगावे.