शिफ्ट सांभाळताना माणसांचं ऐकायचं कसं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे जिथे यंत्राच्या दाबाने पत्रा कापतात-वाकवतात तिथे, मी शिफ्ट सांभाळतो. नव्याने सुपरवायझर झालेल्या पोरांना पहिल्यांदा एवढंच सांगतो, की काही विचारायचं असेल तर माणसाला प्रेसपासून लांब न्या. दणके चालू असताना, कानात प्लग घातलेल्या माणसाला "काही अडचण?" विचारलं की तो मान हलवून मोकळा होतो. टूल रूमच्या दाराशी बोला, नाहीतर चहाच्या सुट्टीत गाठा. मोबाइल खिशात.

ऑपरेटर बिघाड सहसा थेट सांगत नाही. "चालतंय, पण जरा जड वाटतंय," म्हणतो. त्यावर "बरं, मेंटेनन्सला सांगतो" म्हणून पुढे जाऊ नका. "जड कधी वाटतं? पंच खाली येताना की वर जाताना?" विचारा आणि गप्प राहा. (पंच म्हणजे पत्र्यावर आदळणारं वरचं हत्यार.) तो हातानेच स्ट्रोक करून दाखवेल. वर जाताना पत्रा पंचाला धरून उचलला जातोय असं त्याने दाखवलं, तर स्ट्रिपरच्या, म्हणजे पत्रा पंचावरून सोडवणाऱ्या प्लेटच्या, स्प्रिंगा आणि पंचाची धार बघायची. खाली येताना आवाज बदलत असेल तर आधी प्रेस बंद करा आणि डायचे, म्हणजे खालच्या साच्याचे, बोल्ट तपासा. डाय सरकली की पंचाचा कोपरा उडायला वेळ लागत नाही.

आमच्याकडे खानदेशची बरीच मंडळी आहेत, सिडकोत राहतात. बोलण्याच्या भरात अहिराणीवर येतात. तेव्हा "मराठीत सांग" म्हणून तोडू नका, न कळलेला तुकडा पुन्हा विचारा. पेठ-सुरगाण्याकडचा नवा हेल्पर चारचौघांत तोंड उघडत नाही, त्याला एकट्याला गाठावं लागतं.

लॉगबुकात माणसाचेच शब्द उतरवा. "वर जाताना जड" असं लिहिलं तर रात्रपाळीवाला तिथेच बघेल. "मशीन ओके" वाचून तो काय बघणार?

टोयोटाच्या कारखान्यांत अडचण आली की लाइनवरचा कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, टीम लीडर लगेच येतो आणि ठरलेल्या वेळात अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आपल्याकडे अशी दोरी नसेल, पण हाक मारल्यावर साहेब येतो की नाही, हे माणसं बरोबर ध्यानात ठेवतात. म्हणून काम झाल्यावर पुन्हा त्याच्याकडे जा. स्प्रिंग बदलली असेल तर जुनी त्याच्या हातात द्या. बदलायची नाही असं ठरलं असेल तर का, तेही स्वतः जाऊन सांगा. निरोप पाठवू नका.